पाटालीची गूळपोळी



बंगालच्या या भूमीत संक्रांतीच्या सुमारास खजुराच्या रसाचा पाटाली गूळ मिळतो. आम्ही त्याचीच गूळपोळी करतो. हा गूळ मऊ असल्यास सारण तव्यावर पाझरते. म्हणून खमंग भाजलेले बेसन थोडे वाढवावे. तीळ व खसखस नेहमीप्रमाणेच.

कमलाबाई ओगले यांच्या १९७० सालच्या ‘रुचिरा’ने वाटी-चमच्याची मापे घरोघर पोहोचविली. तीच शिस्त आपण पाळू या. नवा पदार्थ साधला, की मापांसह मंडळाच्या वहीत नोंदवावा आणि चार घरी चाखावयास द्यावा. ‘अंदाजाने घाला’ एवढ्याने येथे जन्मलेल्या मुलामुलींचे भागत नाही. अंदाज आजीच्या चुलीपाशी बसून येतो; आणि आजी तर गावी राहिली. तिचा हात आपण निदान कागदावर तरी उतरवून ठेवू या.