आधी ओळख, मग औषध
(अंबरनाथ एमआयडीसी येथे साहाय्यकांच्या सभेत केलेले भाषण)



तुमच्यापैकी कित्येकजण इथल्या औषध कारखान्यांत राबलात, म्हणून पिंपरीच्या एका शास्त्रज्ञाविषयी बोलतो. डॉ. थिरुमलाचार यांचे आयुष्य बुरशी ओळखून तिला नाव देण्यात गेले. ज्वारीवरची काणी, गव्हावरचा तांबेरा, या बुरशीच. १९५२ साली डॉ. मुंडकूर आणि त्यांचे भारतातील काणी-बुरशींवरचे पुस्तक निघाले. पुढे हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये त्यांनी एका सूक्ष्म जिवाणूला पिंपरीचे नाव दिले. त्याच्यापासून हामायसिन मिळाले. बाळाच्या जिभेवर पांढरा थर धरतो ना, त्या बुरशीवरचे औषध! शेतातली बुरशी ओळखणाऱ्याच्याच हातून ते आले, याचे मला नवल वाटत नाही.

आपल्या पाड्यांवर उलटे चालते. नायटा दिसला की दुकानातली ट्यूब. तिच्यात पुष्कळदा स्टिरॉइड असते. खाज थांबते, नायटा पसरतो. शिवाय अंगावरचा फिकट चट्टा बुरशीचाच असेल असे नाही, तो कुष्ठरोगाचाही असू शकतो.

म्हणून विनंती आहे, ट्यूबांची खोकी पाठवू नका. त्या पैशांतून त्वचेच्या डॉक्टरांना पाड्यापर्यंत नेण्याची गाडी करू.