पक्षी बघून पोट भरतं का?

मांजरसुंब्याच्या चौकात चहा पिताना एका पोराने विचारलं, "सर, पक्षी बघून पोट भरतं का?" बी.एस्सी. झालेला. घरचे म्हणतात, भरतीचा फॉर्म भर. तिथे मला धड उत्तर देता आलं नाही, म्हणून आजचा हा भाग.

सलीम अली हे नाव तुम्ही ऐकलेलं असतं. पण विद्यापीठाची पदवी नाही म्हणून झूलॉजिकल सर्व्हेने त्यांना नोकरी नाकारली होती, हे माहीत होतं का? पुढे मुंबईच्या म्युझियममध्ये लागले, जर्मनीत जाऊन शिकून आले, तर इथली जागाच पैशाअभावी रद्द झालेली! मग अलिबागजवळ किहीमला जाऊन राहिले आणि १९३० च्या पावसाळ्यात सुगरणीच्या घरट्यांसमोर ठाण मांडून बसले. दिसलं काय, तर नर घरटं अर्धंच विणतो. मादी येते, तपासते, पसंत पडलं तरच राहते. मग ते पूर्ण करून हा गडी लागला दुसऱ्या घरट्याला, दुसऱ्या मादीसाठी! बेकारीतल्या त्या कामाने त्यांचं नाव झालं.

पण प्रत्येकाच्या घरी असा बेकारीचा काळ निभत नाही. खोटं कशाला सांगू, सुरुवातीची कामं बहुतेक प्रोजेक्टवरची. प्रोजेक्ट संपला की पुन्हा शोधाशोध. शिकायचं तर डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था आणि बंगळुरूचं एनसीबीएस, दोन्हीकडे वन्यजीवांवर एम.एस्सी. आहे. सरकारी नोकरीच हवी तर एमपीएससीची वनसेवा. सोलापूरचे मारुती चितमपल्ली वनखात्यात नोकरी करतच पक्ष्यांचे जाणकार झाले.

आणि एक गोष्ट तुझ्याकडे आहे, जी मुंबईच्या पोराकडे नाही. इथून पाटोद्याकडे निघालं की नायगावचं मयूर अभयारण्य. मोर रानात शिरतो, पेरलेलं उकरून खातो. त्याला मारणं गुन्हा, पण औषध लावलेलं बी खाऊन तो दगावू शकतो. अशा वेळी बांधावर बसून, शेतकऱ्याच्याच बोलीत "काका, नुकसान किती झालं?" असं विचारणारा माणूस लागतो. बाहेरून आलेल्याला काका खरं सांगतीलच असं नाही.

तेव्हा भाऊ, फॉर्म भर. सोबत एक वही कर. तारीख, वेळ, जागा, पक्षी, काय करत होता. ईबर्ड ॲप फुकट आहे, तिथेही टाक. आणि पावसाळ्यात विहिरीवरच्या बाभळीला सुगरणी लागल्या की मोज, अर्धवट घरटी किती, पुरी किती. आकडे मला पाठव.