प्रतिपालकांना रोजचा फोन

मारामारी, चोरी, घरातून पळून जाणे यांमुळे ज्या मुलांना स्वतःच्या घरी सांभाळणे अशक्य होते, त्यांना अमेरिकेत बहुधा सामूहिक निवासगृहात ठेवले जाई. तिथे त्यांना सोबत मिळे ती त्यांच्यासारख्याच मुलांची. ऑरेगन राज्यातील यूजीन येथे पॅट्रिशिया चेंबरलेन आणि सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये निराळी पद्धत सुरू केली. प्रशिक्षण दिलेल्या एका प्रतिपालक कुटुंबात एकच मूल, साधारण सहा ते नऊ महिने.

या घरात दिवसाचा क्रम ठरलेला असतो. वेळेवर उठणे, अंथरूण आवरणे, शाळेत जाणे, नीट बोलणे यांना गुण मिळतात आणि गुणांवर सवलती. चुकल्यास गुण कापले जातात, तेही आवाज न चढवता. मुलाचा समुपदेशक वेगळा असतो आणि त्याच्या आईवडिलांचा वेगळा, कारण मूल बहुधा त्यांच्याकडेच परतायचे असते. त्यांनाही हीच रीत शिकवली जाते.

सर्वांत मोलाचा भाग मात्र रोजच्या फोनचा. सोमवार ते शुक्रवार प्रतिपालकांना फोन येतो आणि ठरलेली यादी वाचून विचारले जाते: मुलाने आज उलट उत्तर दिले का, खोटे बोलला का, भांडला का, आणि त्याचा तुम्हाला किती त्रास झाला? अडचण वाढण्याआधीच मदत पोहोचते. अडीअडचणीला रात्रीबेरात्रीही पर्यवेक्षकांना फोन करता येतो. कॅलिफोर्नियातील २४६ मुलांच्या अभ्यासात असे दिसले की, दिवसाला सहापर्यंत त्रासदायक वर्तने कुटुंबे निभावून नेतात. त्यापुढे प्रत्येक जादा वर्तनागणिक मुलाला परत पाठवले जाण्याचा धोका वाढत जातो. असे परत जाणे मुलाच्या जिव्हारी लागते. आधीच एक घर सुटलेल्या मुलाचे दुसरेही सुटते. म्हणून प्रतिपालकांचा थकवा ही त्यांची खासगी बाब मानून चालत नाही, तो उपचाराचाच प्रश्न आहे.

१९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सरासरी पंधरा वर्षांच्या ७९ मुलग्यांची यादृच्छिक पद्धतीने दोन गटांत विभागणी केली होती. प्रतिपालक कुटुंबांत राहिलेले मुलगे सामूहिक गृहांतल्यांपेक्षा कमी वेळा पळाले, आणि पुढे त्यांना अटकही कमी वेळा झाली.

पुढे इंग्लंडमध्ये ही पद्धत नेली, तेव्हा सरसकट फायदा आढळला नाही. आक्रमक, समाजविरोधी वर्तनाची मुले सुधारली. ज्यांना तशी अडचण नव्हती, त्यांना नेहमीची देखभालच अधिक मानवली.