परदेशच्या चाकरीची वाट
(महोत्सवाच्या सभेत तरुण मंडळींपुढे केलेले भाषण)



आजच्या दिवशी गतवर्षांचे स्मरण करावे, अशी मंडळींची अपेक्षा असणार. ते काम इतर वक्त्यांनी उत्तम केले आहे. आम्ही पुढील वर्षांविषयी बोलणार आहोत. हल्ली आमच्या दारी येणारे तरुण दाखल्यापेक्षा शिफारसपत्रच अधिक मागतात, आणि त्यांतील पुष्कळांस जर्मनीस किंवा आखाती देशांत जावयाचे असते.

पोटासाठी घर सोडणे खानदेशास नवे नाही. ताप्ती खोऱ्यातील रेल्वेने जळगाव-धुळ्याकडील किती कुटुंबे सुरतेच्या कापडधंद्यात गेली व तेथेच स्थिरावली, हे सर्वांस ठाऊक आहे. त्या प्रवासास तिकीट आणि एखादा गाववाला पुरेसा होता. परदेशच्या प्रवासास तेवढे पुरत नाही. आणि जे अधिक लागते ते आपल्याजवळ विकत मिळते, असे सांगणारा दलाल सर्वांआधी भेटतो.

फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने जर्मनीतील बाडेन-वुर्टेंबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाविषयी करार केला. तेव्हापासून जर्मनीचे नाव खेडोपाडी पोहोचले. परंतु दोन सरकारांचा करार झाला म्हणजे आपल्या हाती नोकरी आली असे नव्हे. परिचारिकेस तेथे पूर्ण मान्यता मिळावयाची तर जर्मन भाषेची बहुधा ‘बी-२’ ही पायरी चढावी लागते. मराठी शाळेत शिकलेल्या मुलीस, रुग्णालयाच्या पाळ्या सांभाळून, हे काम थोडक्या महिन्यांत साधणारे नाही. मान्यता मिळेपर्यंत तिने साहाय्यिकेचे काम करावयाचे, व वेतनही त्याच मानाने घ्यावयाचे. हे दलाल सांगत नाही.

आयटीआयच्या मुलांसाठी एक गोष्ट विशेष. १ जून २०२४ पासून जर्मनीने काम शोधण्यासाठी एक वर्षाचा परवाना सुरू केला. त्यास तेथे ‘शान्सनकार्टे’ म्हणतात. पदवी नसलेल्यास त्यासाठी निदान दोन वर्षांचे धंदेशिक्षण लागते. आपल्याकडील वीजतंत्री व फिटर यांचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा, वेल्डरचा मात्र एकाच वर्षाचा. हात कितीही कसबी असो, केवळ त्या एका वर्षाच्या प्रमाणपत्रावर हे द्वार उघडत नाही. प्रवेश घेतानाच हे कळले तर बरे. जमीन विकल्यावर कळून काय उपयोग?

द्वारे बंदही होतात. वृद्धांच्या शुश्रूषेसाठी परदेशांतून नवे सेवक नेणे ब्रिटनने २२ जुलै २०२५ रोजी थांबविले. ज्यांनी कर्ज काढून त्याच आशेवर दिवस काढले, त्यांचे कर्ज मात्र थांबले नाही.

आता पैशाविषयी. १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली नोंदलेल्या भरती-दलालास उमेदवाराकडून तीस हजार रुपये व त्यावरील जीएसटी, याहून अधिक सेवाशुल्क घेता येत नाही. आणि त्याची पावती द्यावी लागते. दलाल नोंदलेला आहे की नाही, हे सरकारच्या ‘ई-मायग्रेट’ संकेतस्थळावर घरबसल्या पाहता येते. दोन-तीन लाख रोख मागणाऱ्यास नोंदणी क्रमांक विचारावा. बहुधा त्याचे बोलणे तेथेच संपते. दहावी न झालेल्यांनी आखाती देशांत नोकरीस जाण्यापूर्वी उत्प्रवासी संरक्षकाची मंजुरी घ्यावयाची असते. ती टाळण्यासाठी ‘सध्या पाहुणा म्हणून जा, तेथे गेल्यावर पाहू’ असा सल्ला मिळतो. तो ऐकू नये. पाहुण्याच्या परवान्यावर राबणाऱ्याचे वेतन बुडाले, तर दाद मागताना तोच प्रथम अपराधी ठरतो.

आया-बापांस एक विनंती. मुलास निरोप देण्याच्या घाईत कागद न वाचता अंगठा किंवा सही करू नये. अशा दोन घरांचे कागद आम्ही स्वतः वाचले. एकात वेतनाचा आकडाच नव्हता. दुसऱ्यात होता, पण कोणत्या देशाच्या नाण्यात, ते लिहिलेले नव्हते. शिफारसपत्र आम्ही आनंदाने देऊ. मात्र ते मागावयास येताना कराराची प्रत बरोबर आणावी. रविवारी मिस्सेनंतर आम्ही कार्यालयात असतो. इंग्रजी कागद ओळीओळीने मराठीत समजावून देऊ, मग तास लागो की दोन.