दूरच्या घराची किल्ली



ज्यांतील कोणीच मुंबईस नाहीं, असें घर मालवणच्या किनाऱ्यावर विरळाच. पूर्वीं चाकरमानी मनिऑर्डर धाडून घराला हातभार लावी. आतां घरच्या संगणकावर अडलेलें कामही त्यालाच सोडवावें लागतें. माझी आई मालवणांत राहते, मी दादरला. वीजबिल भरतां येत नाहीं म्हणून तिचा फोन आला, कीं 'आई, उजव्या कोपऱ्यांत काय दिसतें?' एवढ्यांतच अर्धा तास सरे.

म्हणून दूरच्या संगणकाचा पडदा आपल्यापुढें आणून तो येथून चालवूं देणाऱ्या साधनांचा मीं शोध घेतला. विंडोजमध्यें मुळांतच अशी सोय आहे. परंतु ज्या संगणकांत शिरावयाचें त्यावर 'प्रो' आवृत्ति लागते, आणि घरगुती लॅपटॉपवर बहुधा 'होम' असते. टीमव्ह्यूअर व एनीडेस्क खासगी वापरास विनामूल्य आहेत. धंद्यासाठीं दाम मोजावे लागतात. रस्टडेस्कची घडण सर्वांस खुली असून जाणत्यास तें स्वतःच्या सर्व्हरवरूनही चालवितां येतें. क्रोम रिमोट डेस्कटॉपला क्रोम ब्राउझर व गूगलचें खातें पुरतें. मात्र वीज आणि इंटरनेट गेल्यावर ह्यांतील एकही कामाचें नाहीं. मे २०२१ मध्यें तौक्ते वादळानें किनारा अंधारांत लोटला, तेव्हां शेजाऱ्यांचाच काय तो आधार होता.

परंतु वेग आणि किंमत यांहून मोठा प्रश्न वेगळाच आहे: दार कोणीं उघडावयाचें? बहुतेक साधनांत दोन तऱ्हा असतात. कायमचा परवलीचा शब्द ठेवला, तर आपण केव्हांही आंत जाऊं शकतों. दुसऱ्या तऱ्हेंत घरच्या माणसानें आकडा सांगून संमति द्यावी लागते. मला पहिलीच सोयीची वाटत होती. तेवढ्यांत बँकेचें नांव सांगून कोणा अनोळख्यानें आईला फोन केला, एक ॲप उतरवून घ्यावयास सांगितलें, व त्यावरील आकडा मागितला. ती म्हणाली, "झिलाक इचारल्याशिवाय आकडो सांगूचंय नाय!" ह्याच रीतीनें लोकांचीं खातीं रिकामीं होऊं शकतात, असा इशारा रिझर्व्ह बँकेनें फेब्रुवारी २०१९ मध्यें बँकांना दिला होता.

आईच्या त्या उत्तरानें माझाच विचार फिरला. कायमची किल्ली माझ्यापाशीं असती, तर माझ्या खात्यांत शिरलेल्या चोराला तिचें घर मोकळें झालें असतें, आणि तिला 'नाहीं' म्हणण्याची संधीही उरली नसती.

म्हणून क्रोममधील दुसरी तऱ्हा मीं पत्करली. आईचा संगणक बारा अंकांचा आकडा देतो. तो एकदांच चालतो, आणि दर अर्ध्या तासानें तिची संमति पुन्हां विचारली जाते. आमचा नियम एकच: ज्यानें आपल्याला फोन केला त्याला आकडा द्यावयाचा नाहीं, आपल्या वहींतील क्रमांकावर आपण होऊन ज्याला केला, त्यालाच द्यावयाचा. फसगत झालीच, तर १९३० ह्या क्रमांकावर तत्काळ कळवावें.

मी आजही दादरहून त्या घरांत जातों. पण आईनें 'ये' म्हटल्यावरच.