एक ठेका, अनेक कंठ



जमैका बेटातील एका संगीतप्रथेविषयी मी आज आपणांशी बोलणार आहे. आपल्याकडे पुष्कळदा चाल जुनीच राहते व तिच्यावर पदे नवी रचली जातात. जमैकात याहून निराळे घडते. तेथील रेगे संगीतात ड्रम आणि बेस गिटार यांनी बांधलेला पाया तेवढा कायम राहतो. त्यावर प्रत्येक गायक स्वतःची चाल व स्वतःचे शब्द उभे करतो. या पायाला ते लोक ‘रिडिम’ म्हणतात. सबंध तबकडी एकाच रिडिमवर काढण्याचा पहिला मान सामान्यतः रूपी एडवर्ड्स यांच्या 1974 सालच्या तबकडीस दिला जातो.

या प्रथेचे मर्म एका उदाहरणाने स्पष्ट होईल. ॲबिसिनियन्स या तीन गायकांच्या संचाने 1969 साली किंग्स्टन येथील स्टुडिओ वनमध्ये ‘सत्ता मासागाना’ हे गीत मुद्रित केले. यातील ‘सत्ता’ हा आपला शब्द नव्हे. तो इथिओपियाच्या अम्हारिक भाषेतून आला असून स्तुती अर्पण करणे हा त्याचा आशय आहे. जमैकातील गुलामगिरी 1838 साली पूर्णपणे संपली. मळेवाल्यांनी ज्यांच्या पूर्वजांची नावे व भाषा हिरावून घेतल्या, त्यांच्या वंशजांनी आफ्रिकेतील एक भाषा समजून-उमजून ओठांवर घेतली. ती त्यांच्या पूर्वजांची भाषा नसेल. परंतु तिची निवड त्यांची स्वतःची होती.

स्टुडिओचे मालक कॉक्सन डॉड यांना मात्र या गीतास गिऱ्हाईक मिळेल असे वाटले नाही. मुद्रण पडून राहिले. अखेर गायकांनीच आपल्या आवाजाची फीत पैसे मोजून सोडवून आणली व 1971 साली ‘क्लिंच’ या स्वतःच्या नावाने तबकडी काढली. लोकांनी ती उचलून धरली. पुढे त्याच पायावर अनेकांनी गीते रचली, आणि 2004 साली इंग्लंडातील ‘ब्लड अँड फायर’ने जुन्या-नव्या कलावंतांची अशी मुद्रणे ‘ट्री ऑफ सत्ता’ या संग्रहात एकत्र आणली. एकाच मुळावर किती फांद्या फुटू शकतात, हे त्यात ऐकावयास मिळते.

ठेका सर्वांचा असावा, हे मला मान्य आहे. तसे नसते तर निर्धन गायकास वाद्यवृंद कोठून मिळता? परंतु ज्या वादकांनी असे पाये रचले, त्यांतील पुष्कळांच्या पदरी त्या दिवसाच्या मजुरीपलीकडे काही पडले नाही. ज्यात एकाचे श्रम, दुसऱ्याचे नाव आणि तिसऱ्याचा नफा असतो, त्यास सामायिक म्हणता येईल काय?

अन्याय, भूक व स्वाभिमान यांविषयी बोलणाऱ्या रेगे गीतांना ‘कॉन्शस’, म्हणजे जाणती गीते, म्हणतात. ही जाण शब्दांपुरती राहू नये. पाया घालणाऱ्याचे नाव तबकडीवर यावे आणि त्याचा वाटा त्याच्या घरी पोहोचावा. तेव्हाच अनेक कंठांचे ते एकत्र गाणे खऱ्या अर्थाने बंधुत्वाचे होईल.