लाल मणी

1982 साली चंद्रपूरपासून विभक्त झालेल्या गडचिरोली जिल्ह्यात, पावसाळी नाल्यांनी सरकारी दवाखान्याची वाट अडविली असता, तान्ह्या लेकरांचा न्यूमोनिया, ज्यास जुनी माणसे ‘डब्बा’ म्हणत, झोपडीतच प्राण हरण करी. तेथे डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने, निरक्षर सुइणीलाही निदान करता यावे म्हणून सिद्ध केलेले साधन म्हणजे एक मिनिटाची वाळूघडी आणि दोन रांगांत ओवलेले मणी, बस्स! दर दहा श्वासांस एक मणी सरकवायचा. वाळू संपण्यापूर्वीच लाल मण्याची पाळी आली, मग तो दोन महिन्यांखालील बाळाच्या रांगेतला सहावा असो वा थोरल्याच्या रांगेतला पाचवा, तर प्रतिजैविक तत्काळ सुरू. छातीस नळी लावण्याचा मक्ता आपलाच मानणाऱ्या वैद्यकास हे रुचणे कठीणच होते. परंतु 1990 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अहवालाप्रमाणे, गावातच औषध मिळालेल्या न्यूमोनियाग्रस्त बालकांपैकी शेकडा 0.8 दगावली, तर तुलनेच्या गावांत शेकडा 13.5. मोजणी मात्र लेकरू शांत असताना, अंगावरचे फडके दूर सारून करावयाची. रडत्या किंवा दूध पिणाऱ्या बाळाचा श्वास सुइणीलाही फसवितो.